खालून आणलेली गाडी

जव्हार, मोखाडा, वावर या पट्ट्यात जुनी गाडी घ्यायचा हंगाम ठरलेला आहे. दिवाळीनंतर माणसं भिवंडी, वसई, विरारकडे वीटभट्टीवर, बांधकामावर कामाला जातात आणि होळीला घरी येतात. हातात पैसा असतो तो तेव्हाच. दोघा-तिघा भावांची मजुरी, कोणाचे बचत गटातून काढलेले, मामाकडून उसने, असं जमवून मार्च-एप्रिलात कोणीतरी खाली जातो आणि ईको नाहीतर बोलेरो घेऊन वर येतो. खाली म्हणजे पालघर, बोईसर, विरार. घाट उतरला की सगळं खालीच.

गाडी उन्हाळ्यात बघितली जाते हे विकणाऱ्याच्या पथ्यावर पडतं. घेणारा आधी एसी लावून बघतो. एसी गार लागला की अर्धा सौदा तिथेच होतो. वायपर कोणी चालवून बघत नाही. काचेवरचं धुकं घालवणारा गरम ब्लोअर एप्रिलात कोण लावणार? दरवाज्यांची रबरं, डिकीत झिरपणारं पाणी, हेडलाइटच्या आत धरणारी वाफ, पाणी लागलं की बंद पडणारा हॉर्न, ही सगळी मंडळी जूनमध्ये एकेक करून ओळख देतात. जव्हारला जुलैत भर दुपारी दिवे लावून गाडी हाकावी लागते आणि काच आतून पुसायला एक माणूस शेजारी बसवावा लागतो.

खरं तर इथल्या माणसाने जुनी गाडी जुलैतच बघावी. पण जुलैत लावणी असते, आणि पैसे संपलेले असतात.

*

विकणारा म्हणतो, चालवून बघा. कुठे? तर बोईसरच्या सपाट रस्त्यावर, चौथ्या गिअरमध्ये, दहा मिनिटं. त्या रस्त्यावर कुठलीही गाडी चांगलीच चालते.

क्लच सरकतोय का ते चढावर कळतं: तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की इंजिन ओरडतं आणि गाडी तेवढीच चालते. गिअर सुटतो का ते उतारावर, दुसऱ्या गिअरमध्ये पाय काढला की. ब्रेक तापल्यावर पेडल मऊ पडतं का, हे लांब उतार संपताना. रेडिएटर अर्धा चोंदलेला असेल तर काटा वर जायला घाटाचा शेवटचा टप्पा लागतो. इतकी परीक्षा फुकटात घेणारा रस्ता दाराशी आहे आणि माणसं सौदा मात्र खालच्या सपाटीवर करतात.

इकडच्या एका जुन्या जीप ड्रायव्हरची पद्धत मला पटलेली आहे. तो म्हणतो, शेठ, डिझेलचे पैसे आत्ताच घ्या, विक्रमगडहून जव्हारपर्यंत गाडी तुम्हीच चालवत आणा, वर आल्यावर व्यवहार बोलू. चांगली गाडी असलेला माणूस कुरकुर करतो, पण येतो. एक जण म्हणाला होता, एवढ्या लांब गाडी कशाला दमवायची? ड्रायव्हर तिथूनच एसटीने परत आला.

*

बघायला जायच्या आधी फोन करून सांगावं: गाडी सकाळपासून चालू करू नका. पोचल्यावर पहिला हात बोनटवर ठेवावा. गरम लागला तर चहा पिऊन, गप्पा मारून, इंजिन निवेपर्यंत थांबावं. तापलेलं इंजिन खडखड लपवतं आणि धूरही लपवतं.

निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा दाट धूर तापल्यावरही जात नसेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट. ऑइलच्या झाकणाखाली चहावरच्या सायीसारखा फेस दिसला की सगळे गॅस्केट गेलं म्हणून ओरडतात. पण पावसाळ्यात जवळजवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत थोडा फेस नुसत्या ओलीनेही धरतो. म्हणून झाकणाबरोबर ऑइलची पट्टी आणि कूलंटची टाकीही बघायची. पट्टीवरचं ऑइल प्रमाणाबाहेर जाड वाटलं तर समजावं की आवाज दाबायला काहीतरी ओतलेलं आहे.

ईकोचं एक वेगळंच. बोनट उघडून मान डोलावणारे खूप, पण इंजिन तिथे नसतंच, ते पुढच्या सीटखाली असतं. सीट उचला म्हटल्यावर विकणाऱ्याचा चेहरा बघावा.

*

रेडिएटर गळत असेल तर त्यात हळद टाकतात. हे इकडेच नाही, सगळ्या महाराष्ट्रात ड्रायव्हर लोक करतात. हळद पाण्यात फुगते आणि बारीक भोकात जाऊन बसते. डिझेलच्या टाकीला चीर गेली तर अंगाचा साबण घासतात. रानात अडकलेल्या माणसाला घरी पोचवणारे हे उपाय आहेत, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. मात्र तीच हळद टाकून गाडी विकायला उभी केली की ती लबाडी होते. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असताना उघडून आत बोट फिरवावं. पिवळा गाळ लागला तर भाव त्याप्रमाणे करावा.

*

गाडी कुठे राहिली त्यावरून तिचं दुखणं ओळखता येतं, असं माझं मत होत चाललं आहे. डहाणू, केळवे, अर्नाळ्याची गाडी वरून चकचकीत असते आणि खालून खाऱ्या हवेने खाल्लेली. तिच्याखाली आडवं झोपून, दरवाज्याखालच्या पट्टीवर स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकून बघावी. नाशिककडच्या गाडीचा पत्रा बहुधा शाबूत असतो, उन्हाने रंग उडालेला असतो. मुंबईच्या गाडीचे किलोमीटर कमी, पण क्लच आणि ब्रेक गर्दीत झिजलेले. भिवंडीची गाडी माणसांसाठी पास केलेली असली तरी तिने काय काय वाहिलंय ते मागच्या पाट्यांना विचारावं.

सिल्वाशाची गाडी तब्येतीने चांगली असू शकते. तिचं दुखणं कागदात असतं.

*

सिल्वासा इथून जवळ. कामाला जाणारे रोज बघतात की डीएन-०९ पासिंगच्या गाड्या स्वस्त मिळतात. स्वस्ताईचं बरंचसं कारण म्हणजे महाराष्ट्राचा कर अजून भरायचा असतो. दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवली की इथला नंबर घ्यावा लागतो, हे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ४७ व्या कलमात आहे. तिथल्या कार्यालयाचं ना हरकत पत्र, म्हणजे फॉर्म २८, आणायचं आणि इथे गाडीच्या वयाप्रमाणे कर भरायचा. महाराष्ट्रात नव्या खासगी पेट्रोल गाडीला १० लाखांच्या आत ११ टक्के आणि डिझेलला १३ टक्के कर आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे सूट मिळाली तरी आकडा असा असतो की स्वस्ताई तिथेच फिटते. विकणारा यातलं काही खोटं बोलत नाही. तो फक्त म्हणतो, पेपर क्लिअर आहेत. असतातच, सीमेच्या पलीकडे.

*

न बोलण्याचा कायदा. भारतीय करार कायदा १८७२ चा, त्याचं १७ वं कलम फसवणुकीचं. त्यात दिलेल्या उदाहरणांपैकी पहिली तीन घोड्याची आहेत, आणि गाडी घेणाऱ्याने ती पाठच करावीत. पहिलं असं: एक माणूस आपला घोडा लिलावात विकतो. घोड्यात दोष आहे हे त्याला माहीत आहे. तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. दुसरं: घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर मात्र नात्यामुळे सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. तिसरं सगळ्यांत कामाचं: घेणारा म्हणतो, तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा निर्दोष आहे असं धरून चालेन. यावर विकणारा गप्प राहिला, तर त्याचं गप्प राहणं हे बोलण्यासारखंच.

दीडशे वर्षांपूर्वी घोड्याविषयी लिहिलेलं हे बोईसरच्या सौद्याला जसंच्या तसं लागू पडतं. आपण विचारत नाही तोवर गप्प बसणं विकणाऱ्याचा हक्क. विचारलं की हक्क संपला. म्हणून व्यवहाराच्या आदल्या दिवशी फोनवरून एक साधा संदेश पाठवावा: अपघात, पुराचं पाणी, इंजिन खोललेलं, बँकेचं कर्ज, थकलेली चलनं, यातलं काही असेल तर कळवा, नसेल असं धरून पैसे आणतो. उत्तर आलं तरी उपयोगाचं. नाही आलं तरी.

बैल घेताना आपली माणसं हेच करतात. दात बघतात, चालवतात, जुंपून बघतात आणि शेवटी चार माणसांदेखत विचारतात, खोड काही आहे का, सांगून टाक. मारका आहे, बसतो, काय असेल ते विकणारा तिथे सांगतो, कारण पुढच्या बाजारीही त्याला याच माणसांत यायचं असतं. गाडी विकणारा पुन्हा भेटायचा नसतो. त्याच्याशी मात्र आपण भिडस्तपणे वागतो. एवढा चांगला माणूस, चहा पाजला, संशय कसा घ्यायचा!

*

ग्राहक मंचात जाऊ, असं पुष्कळ जण म्हणतात. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा धंदा म्हणून विकणाऱ्यावर चालतो. घरची एक गाडी विकणारा व्यापारी नव्हे. जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी केंद्राने नियम केले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत; डीलरला अधिकारपत्र घ्यावं लागतं आणि गाडी ताब्यात असेपर्यंतची जबाबदारी त्याच्यावर येते. माणसाने माणसाकडून घेतलेल्या गाडीला त्याचा उपयोग नाही. राहता राहिलं दिवाणी न्यायालय. क्लचप्लेटच्या खर्चासाठी तिथे कोण जातो?

*

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटा निबंध छापला, 'द मार्केट फॉर लेमन्स'. अमेरिकेत भिकार निघालेल्या गाडीला लेमन म्हणतात. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गाडी कशी आहे ते विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. त्यामुळे घेणारा सगळ्याच गाड्यांना मधला भाव देतो. मधल्या भावात चांगली गाडी द्यायला तिचा मालक तयार होत नाही, तो बाजारातून उठून जातो. मग उरलेल्यांत वाईट गाड्यांचं प्रमाण वाढतं, भाव आणखी उतरतो, आणखी काही चांगले मालक उठतात. तीन नियतकालिकांनी हा निबंध परत पाठवला होता, दोघांनी तर विषय क्षुल्लक म्हणून. २००१ साली त्याला नोबेल मिळालं, मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर.

मला त्यात गंमत वाटते ती निराळीच. निबंध परत येत होता त्या सुमारास, १९६७-६८ मध्ये, अ‍ॅकरलॉफ दिल्लीत इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये होता. निबंधात आपल्याकडचे गावचे सावकार आहेत. आणि तांदूळ निवडणारी बाई आहे: बाजारच्या तांदळात त्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे मुद्दाम घातलेले असतात आणि भारतातल्या गृहिणीला ते वेचून काढावे लागतात, असं त्याने नोंदवलं आहे. जगभरच्या विद्यापीठांत शिकवतात त्या मोटारींच्या निबंधात आपलं सूप येऊन बसलं आहे.

त्याने सुचवलेले उपाय म्हणजे हमी, नाव असलेला ब्रँड, परवाना. यातलं एकही खासगी सौद्यात नाही.

*

लांबी. पत्र्याच्या खड्ड्यात भरतात ती. घरातलं लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून दरवाज्यावरून फिरवावं, लांबीवर ते धरत नाही. बोनटच्या बिजागऱ्यांचे बोल्ट बघावेत, पाना लागलेला असेल तर रंग उडालेला दिसतो. सगळ्या काचांवरचे कारखान्याचे छाप जुळावेत. एकच काच निराळी असेल तर ती का बदलली ते विचारावं; दगड लागूनही फुटते. किल्ली फिरवल्यावर मीटरमधले सगळे दिवे आधी लागून मग विझले पाहिजेत. इंजिनचा किंवा एअरबॅगचा दिवा मुळी लागलाच नाही, तर तो दोष नसल्यामुळे नव्हे, कोणी तरी त्याचं तोंड बंद केलं म्हणून.

*

मीटर. पूर्वी तार काढून आकडे मागे फिरवायचे, आता डिजिटल मीटर लॅपटॉपवर मागे नेतात. चाळीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीच्या ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत होत नाही आणि स्टेअरिंगला पॉलिश चढत नाही. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस झाली असेल तर प्रत्येक बिलावर आकडा असतो. टायरवर चार अंक असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मूळ टायर आहेत म्हणणाऱ्याच्या गाडीवर गाडीपेक्षा तरुण टायर निघाले की हसू येतं.

*

पुराच्या गाड्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मग २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला चिपळूण-महाड. अशा प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्या धुऊन, सुकवून, दूरच्या गावी विकल्या जातात. ओळखायची खूण म्हणजे सीटबेल्ट: शेवटपर्यंत ओढून बघावा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते, ती कोणी धूत नाही. सीटच्या रुळांचे स्क्रू, डॅशखालच्या वायरींची टोकं हिरवी पडलेली. वास घेऊन ओळखा असं सांगतात. इथे ऑगस्टमध्ये सगळ्याच गाड्यांना, अंथरुणांना आणि आमच्या वह्यांनासुद्धा तोच वास येतो.

*

कोऱ्या फॉर्मवरच्या सह्या. 'टीटीवर सही करून देतो, सवडीने नावावर करा.' टीटी म्हणजे फॉर्म २९ आणि ३०, त्यावर विकणाऱ्याची सही, तारीख कोरी. माणसं ही सह्यांची गुंडाळी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवतात आणि गाडी आपली झाली असं समजतात. नाव बदलायला पालघर जिल्ह्याचं आरटीओ वसईचं, एमएच-४८. जव्हारहून जवळपास शंभर किलोमीटर, वावरहून आणखी. बरंचसं काम आता ऑनलाइन होतं, पण आधारला जोडलेला नंबर बंद पडलेला असतो, नाहीतर ओटीपी विकणाऱ्याच्या फोनवर जातो आणि तो फोन उचलत नाही. कायद्यात मुदत आहे: राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा.

राहून गेलं तर काय होतं? विमा जुन्या मालकाच्या नावावर राहतो. तिसऱ्या माणसाला लागलं तर त्याची भरपाई निघते, पण स्वतःच्या गाडीचं नुकसान मागायला गेलं की कंपनी विचारते, तुम्ही कोण? आणि नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो, तो विकणाऱ्याबरोबर जातो.

उलट बाजूही आहे आणि ती विकणाऱ्यांना माहीत नसते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात पहिल्या मालकाने २००७ साली गाडी विकली होती. ती हातोहात फिरली, नोंद तशीच राहिली, आणि २००९ मध्ये तिने अपघात केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितलं, नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, भरपाई त्याच्यावर. हा निकाल विकणाऱ्याला सौद्याच्या वेळीच वाचून दाखवावा. ओटीपी लगेच येतो.

*

बँकेचं कर्ज आरसीवर एच.पी. म्हणून लिहिलेलं असतं. फिटलं असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. फिटलंय, पत्र नंतर देतो, यावर पैसे द्यायचे नाहीत. यात चर्चा करण्यासारखं काही नाही.

सीएनजीची गाडी असेल तर सिलिंडरवर तपासणीची तारीख कोरलेली बघावी, दर तीन वर्षांनी तपासावा लागतो. आणि किट आरसीवर चढवलेलं हवं.

*

वावर-वांगणीचं नाव महाराष्ट्राला माहीत झालं ते १९९२-९३ च्या बालमृत्यूंनी. तेव्हा खालून पुष्कळ गाड्या वर आल्या, मंत्र्यांच्या, पत्रकारांच्या. पाड्यावर स्वतःची गाडी उभी असणं ही त्या मानाने अलीकडची गोष्ट. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे. फोन लागला तर येते. तरी रात्री बाळंतपणाची बाई जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात न्यायची वेळ आली की आधी पाड्यावरच्या ईकोवाल्याला उठवतात. ही गाडी कोणी हौसेने घेतलेली नसते. तिचा स्टार्टर पहिल्या किल्लीला लागला पाहिजे, दिवे पाहिजेत, उतारावर ब्रेक पाहिजे. विकणाऱ्याने सेल्फ थोडा ओढतो एवढं सांगितलं असतं तर हजार-दोन हजारांत काम झालं असतं. तो बोलला नाही, त्याला किंमत पाच हजारांनी खाली यायची भीती होती.

*

गावातल्या गावात विकलेल्या गाडीत लपलेला दोष जवळजवळ कधी निघत नाही, हे आता ध्यानात येतंय. पाड्यावर प्रत्येक गाडीचं चरित्र सगळ्यांना पाठ असतं. कुठे उलटली, कोणत्या होळीला इंजिन खोललं, कोणाच्या वरातीत क्लच जळला. त्यामुळे भाव कमी येतो, पण भांडण होत नाही.

परवा जव्हारच्या स्टँडसमोर एक ईकोवाला भेटला. गाडी काढायची आहे म्हणाला. रेडिएटरमध्ये दोन वर्षं हळद आहे, हे त्याने आपणहून सांगितलं. मी म्हटलं, मग घेणाऱ्याला सांगणार का? तो म्हणाला, "इकडे कोणाला सांगायचं राहिलंय, काका? इकडे कोण घेणार नाही. खाली विकीन."